राजाच्या हातचं पिठलं

एका राज्यात शूरदत्त नावाचा राजा होता, आणि त्याला पाहुणचाराची भारी हौस होती. दारी राजा येवो की रंक, सोळा पदार्थांचे ताट वाढल्याविना कोणाला जेवू घालायचे नाही, अशी त्याची रीत. लोक वाहवा करीत. भुकेल्याला ते ताट किती वेळाने मिळते, हे मात्र कोणी विचारीत नसे. वाहवा करणाऱ्यांची पोटे आधीच भरलेली असतात.

एके सकाळी रेवली नावाची मांत्रिकीण दाराशी आली. दुष्काळी मुलखातून चालत आलेली, कडेवर तीन वर्षांचा मुलगा, चार दिवसांचा उपाशी. वारा थांबवील, नदी वळवील एवढी विद्या तिच्यापाशी होती. पण मंत्राने अन्न होत नाही.

"चतकोर शिळी भाकर द्या," ती म्हणाली. "पोराला दम निघत नाही."

राजा स्वतः सामोरा आला. म्हणाला, "बाई, आमच्या दारी शिळे देत नाहीत. बसा, पान वाढतो."

ती बसली. डाळ शिजली, पुरण वाटले गेले, बासुंदी आटत राहिली. दुपारी सोळा पदार्थांचे ताट आले तेव्हा पोर आईच्या मांडीवर मरून पडले होते.

"राजा, शिजले अन्न तुझ्या घराला लाभणार नाही," एवढेच ती म्हणाली, आणि मुलाला उचलून निघून गेली.

त्या दिवसापासून राजघराण्यातल्या कोणी ओठांशी नेलेल्या भाताचे तांदूळ होत, भाकरीचे पीठ होई, दुधाचे गवत होई. राणी त्यातच गेली. पाच वर्षांची राजकन्या केतकी कच्चे दाणे चघळी आणि रोज थोडी थोडी वाळत जाई. राजा तिच्या उशाशी बसून रडे. रडून कोणाचे पोट भरत नाही, हे त्याला कोण सांगणार!

तिसऱ्या महिन्यात एक साळुंकी खिडकीत येऊन बसली. म्हणाली, "राजा, रेवली तुझ्या दारी तीन वेळा भूक पाठवील. एकदा तरी घटकेच्या आत जेवू घातलेस, तर शाप सुटेल. पहिल्या चुकीला मुलीची वाचा जाईल, दुसऱ्या चुकीला दृष्टी, तिसऱ्या चुकीला मुलगी."

राजाने चौकात पाण्याचे घंगाळ मांडले आणि दारी भुकेला आला की त्यात बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची, असे ठरवले. वाटी बुडाली की घटका भरली.

पहिला आला एक म्हातारा धनगर. प्रधान म्हणाला, "महाराज, आज साधेच वाढावे."

"माझ्या मुलीचा जीव टांगणीला, आणि मी पाहुण्याची बोळवण झुणक्यावर करू? देव काय म्हणेल?"

सोळा चुली पेटल्या. वाटी बुडाली तेव्हा डाळीला उकळीही फुटली नव्हती. धनगर काठी टेकत निघून गेला. आत केतकीने हाक मारायला तोंड उघडले आणि आवाज आला नाही.

दुसरी आली एक बाळंतीण. राजाने सोळाचे पाच पदार्थ केले, स्वतः चुलीशी उभा राहिला, आणि अन्न वेळेत झालेही. पण ताटात मीठ डावीकडे वाढायचे, ते उजवीकडे पडले होते. राजाने ताट पुन्हा वाढायला लावले, भोवती रांगोळी घालायला लावली, आणि रांगोळीचे शेवटचे बोट उचलायच्या आत वाटी बुडाली. केतकीला दिसेनासे झाले. तुम्ही म्हणाल, बाप आहे की कोण! पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तिसऱ्या वेळी रेवली स्वतः आली. मंत्राने जपलेले तेच मूल तिच्या कडेवर होते, झोपल्यासारखे. "याला जेवू घाल," ती म्हणाली.

आचारी धावले, त्यांना राजाने हाताने थांबवले आणि जात्यावर दळण दळणाऱ्या सगुणेपुढे जाऊन उभा राहिला. "लवकर होईल असे काय असते?"

"पिठलं," सगुणा म्हणाली. "कांदा चिरत बसू नगा म्हाराज, बुक्कीनं फोडा. भाकरी माझ्या फडक्यात हाय."

राजाने कांदा फोडला. तेलात लसूण-मिरची टाकली, पाणी ओतले, मीठ घातले. उकळी आली तसे सगुणेने सांगितले, "आता पीठ भुरभुरा, आन् हाटत ऱ्हावा." हात भाजले, गुठळ्या झाल्या, डोळ्यांतून पाणी गळाले. वाफ आली, झाले. त्याने भाकरीवरच पिठले घातले आणि मुलापुढे धरले.

"बाळा, ऊठ."

मूल उठले नाही. राजाने वाटीकडे पाहिले. ती निम्मीसुद्धा भरली नव्हती.

"एवढाच वेळ?" तो म्हणाला. "त्या दिवशी एवढाच वेळ लागला असता?" आणि तो रेवलीच्या पायांशी कोसळला. आपल्या मुलीचा जीव मागायचेही त्याला सुचले नाही.

वाटी भरत चालली. काठाला पाणी लागले. तेव्हा रेवली हळूच म्हणाली, "उपाशी मीही आहे, राजा. तीन महिन्यांची." तिने घास मोडला आणि खाल्ला. मग वाटी बुडाली.

आतून हाक आली, "बाबा!"

केतकी भिंत धरून बाहेर आली, डोळे चोळीत. राजाचे हात भाजलेले, त्यांत घास ठरेना. रेवलीने दुसरा घास मोडला. गरम होता, म्हणून सवयीने तिने त्यावर फुंकर घातली. कोणाच्या मुलीसाठी फुंकतो आहोत हे तिच्या ध्यानात आले, ती थबकली, आणि पुन्हा फुंकू लागली. केतकीने खाल्ले. पिठले पिठलेच राहिले.

तेव्हापासून त्या राज्यात आलेल्याला आधी भाकर देतात, मग नाव विचारतात. राज्य सुखी झाले म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण त्याच दिवशी संध्याकाळी राजाने नदीकाठी स्वतःच्या हातांनी एक लहान खड्डा खणला, रेवलीने मंत्र काढून घेतला, आणि मूल मातीत ठेवताना ती राजाला म्हणाली, "मीठ बरोबर पडलं होतं. त्याला आवडलं असतं."