शाखा कशासाठी काढली

"पण सर, शाखा काढली कशासाठी होती?"

मोहरीर सरांनी डोळे उघडले नाहीत. ऐंशी उलटलेले सर ओसरीत आरामखुर्चीत पडून होते.

समोर बसलेले अविनाश ढोमणे त्यांचे जुने विद्यार्थी. आता अभियंता परिषदेच्या अकोला शाखेचे अध्यक्ष, गावातले नावाजलेले इंजिनिअर. शाखेला पन्नास वर्षं होत होती. स्मरणिकेसाठी इतिहास हवा होता आणि संस्थापकांपैकी आता एकटे सरच उरले होते.

"पाच जण होतो," सर म्हणाले. "बाजारामागच्या लाकडाच्या वखारीत बसायचो. दर शनिवारी."

"बसून काय करायचात?"

"चहा प्यायचो."

ढोमणे मनातून वैतागले. हे छापायचं कसं?

"तसं नव्हे सर. काही उद्देश असेल ना, ध्येय..."

"तुम्ही काय करता हल्ली?"

"व्याख्यानं ठेवतो. सत्कार करतो. पण येतं कोण? मागच्या खेपेला वक्ता बोलत होता आणि समोर नुसत्या खुर्च्या." ढोमण्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरं सांगू? हा समारंभ उरकला की शाखेला कुलूप लावावं म्हणतो. दमलो मी."

"कशानं?"

तेवढ्यात ढोमण्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी पाहिलं आणि बंद केला. जरा वेळानं तो पुन्हा थरथरला. पुन्हा बंद केला.

आता सरांचे डोळे उघडे होते.

"कोण आहे?"

"साइटवरचा माणूस. पाण्याच्या टाकीची चाचणी चालू आहे. होईल ते... तुम्ही उद्देश सांगत होतात."

सर पुढे झुकले. त्यांनी ढोमण्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्याच वरच्या खिशात खोचून दिलं.



"एक खांब बसतोय," ढोमणे एकदम म्हणाले. "सकाळपासून टाकी भरतोय. तीन खांब जागच्या जागी आहेत, चौथा खाली चाललाय. बोटभर गेलाय."

"माती?"

"काळी. पण ती पार उपसून खाली मुरमावर पाया घेतलाय. मी स्वतः उभा होतो."

"मग का बसतोय?"

"तेच तर..."

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारणार, सर? सगळे मलाच विचारायला येतात." ढोमणे कसनुसं हसले. "अध्यक्षानं कुणाच्या दारी जायचं?"

ओसरीवरचं ऊन सरकत सरांच्या पायापाशी आलं होतं.

"टाकीच्या खाली काय आहे?" सरांनी विचारलं.

"अंगणवाडी."

हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ढोमण्यांचे खांदेच उतरले. सकाळपासून ते या शब्दाला बगल देत आले होते. इतिहासाचं टिपण, समारंभाची धावपळ, सरांकडची ही फेरी, सगळं त्यासाठीच होतं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

"सर..." ढोमणे म्हणाले. "का बसतोय, मला कळत नाही."

कितीतरी वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आता सर कारण सांगतील म्हणून ते वाट पाहू लागले.

"मलाही नाही कळत," सर म्हणाले. "वखारीत आम्ही दर शनिवारी हेच तर म्हणायचो."

ढोमणे त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी फोन काढला.

"पाणी थांबवा. हो, आत्ता. पोरांना आधी बाहेर काढा, मग टाकी हळूहळू रिकामी करा. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मी येतोय."

फोन ठेवून ते उठून उभे राहिले. कागद गोळा करता करता आठवण झाली तसे अवघडून म्हणाले, "इतिहासाचं मग... पुन्हा कधीतरी येतो."

सर कुडाच्या भिंतीला धरून सावकाश उठले, आत वळून म्हणाले,

"अगं, माझी काठी दे. सभा आहे."