घोरपडीचा निवाडा

माणसाला दार-कुलूप ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एक धनेशीण पिल्लू वाढवायला झाडाच्या ढोलीत बसली. दार चिखलानं लिंपून घेतलं, चोचीपुरती फट ठेवली. धनेश बाहेरून तिला अन् पिल्लाला उंबरं भरवायचा. पण दोघांचं काही केल्या पटेना.

"तुझ्यासंगं नांदायचं नाही मला," ती आतून म्हणाली.

"मग नीघ! ढोली माझी, पिल्लूही माझं," तो बाहेरून गरजला.

शेजारची म्हातारी धनेशीण म्हणाली, "अगं पोरी, आम्हीपण वेगळे झालो. पण फटीशी बसून दोघांनीच ठरवलं. पिल्लाला पंख फुटेस्तोवर चारा त्यानं आणायचा, मग ज्याची वाट त्याला. पिल्लू उडालं बघ सुखानं."

"ह्याच्याशी बोलतात माझी झडलेली पिसं!"

मग दोघांनी निवाड्याला घोरपड बोलावली. ती म्हणाली, "भिंतीआडचा न्याय कसा करू, बाई? आधी भिंत पाडा."

तिनं आतून, त्यानं बाहेरून चोची मारल्या. तेवढं एक काम दोघांनी मिळून केलं. घोरपडीनं आत मान घातली अन् पिल्लू गिळलं.

"आता बोला," ती जीभ फिरवत म्हणाली, "ढोली कुणाला देऊ?"

ढोली कुणालाच नको होती.