सुळकीच्या नाकातली ओढ

एक होती वाम. मासाच, पण दोऱ्याएवढा बारीक. नाव तिचं सुळकी. भावंडांसोबत समुद्रातून नदीकडे निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

वाट कशी कळायची? अहो, धरतीआई म्हणजे मोठ्ठा लोहचुंबकच! ती नाकाला बारीक ओढ लावायची. "इकडे ये बाळा, इकडे नदी."

नदीच्या तोंडाशी तातू मेस्त्री होडी ठोकत होते. ठोक ठोक! खिळा पडला पाण्यात. डुबुक! मेस्त्रींनी दोरीला बांधून लोहचुंबक सोडला. खिळा पडला की ते असंच करायचे.

सुळकीच्या नाकाला वेगळीच ओढ! गुदगुल्याच गुदगुल्या!

"चल गं," भावंडं म्हणाली.

"थांबा रे, गंमत बघते."

भावंडं गेली पुढे. सुळकी फिरली गरगर गरगर. धरतीआईची ओढ लागेचना. नदी कुठे, समुद्र कुठे?

"अगंबाई, थांबले कशाला!" सुळकी रडली.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, लोहचुंबक ओढा ना! माझी वाट सापडेना!"

"खिळा मिळाल्याशिवाय मी नाही ओढत, जा!"

सुळुक सुळुक.

"खेकडेदादा, खेकडेदादा, खिळा उकरा ना! मेस्त्री ओढेना, माझी वाट सापडेना!"

"भरती आल्याशिवाय मी नाही उकरत, जा!"

सुळुक सुळुक.

"भरतीताई, भरतीताई, लवकर ये ना! खेकडा उकरेना, मेस्त्री ओढेना, माझी वाट सापडेना!"

"चांदोबा आल्याशिवाय मी नाही येत, जा!"

सुळकीने पाण्यातून इवलंसं डोकं वर काढलं.

"चांदोबा, चांदोबा, वर ये ना! भरती येईना, खेकडा उकरेना, मेस्त्री ओढेना, माझी वाट सापडेना! अगंबाई, थांबले कशाला!"

"रडू नको गं. हा बघ, आलोच!"

मग काय! चांदोबा आला डोंगरावर. भरती आली खळाळ खळाळ. खेकड्याने उकरलं खरड खरड. खिळा चिकटला, चट्! मेस्त्रींनी दोरी ओढली, सर्रर्र! बघतात तर खाली सुळकी गरगरतेय.

"अरे देवा! लोहचुंबक तुझ्या वाटेतच सोडला की मी. चुकलं गं पोरी माझं."

नाकाला हळूच बारीक ओढ लागली. "इकडे ये बाळा, इकडे नदी."

सुळकी निघाली. सुळुक सुळुक. पण एकटीच. पुढे कुणी नाही. मागे कुणी नाही.

"अगंबाई, थांबले कशाला!"

वळणावर दगडाआड कुणीतरी मुसमुसत होतं. कोण बरं? सुळकीचा धाकटा भाऊ!

"अरेरे, ताईला सोडून पुढे आलो कशाला!" तो म्हणत होता.

सुळकीने त्याच्या शेपटीला शेपटी लावली. दोघंही रडली थोडी. मग निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

सुळकी शिरली नदीत, तुम्ही शिरा गोधडीत!