मुळासकट आलेला दात

राजांची नावंसुद्धा लोक विसरून गेले, इतकी जुनी ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक आई आणि तिची नऊ वर्षांची लेक राहत होती.

त्या गावाची एक रीत होती. पोराचा दात पडला की तो कौलांवर फेकायचा आणि ओरडायचं, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे!" आणि खरंच नवा दात यायचा.

एकदा लेक चिंचेवरून पडली. समोरचा मोठा दात मुळासकट बाहेर आला. तोंड रक्तानं भरलं. आई धावत आली.

"अगं बाई, आता काय करू?"

शेजारीण म्हणाली, "इतकी काय घाबरतेस? पोरांचे दात पडायचेच. फेक कौलांवर!"

आईनं डोळे मिटून फेकला.

कौलांतून उंदीर डोकावला. "बाई, हा माझा नव्हे. मी दुधाचे दात नेतो. हा कायमचा. याच्या जागी दुसरा येत नाही. तसाच दुधात टाक आणि वैद्यांकडे पळ. उभी काय राहिलीस? पळ!"

त्यानं दात खाली ढकलला. तो अंगणातल्या मातीत पडला.

आता हा असला मळका दात वैद्यांपुढे कसा न्यायचा? लोक काय म्हणतील? आईनं मूठभर राख घेतली, काथ्या घेतला आणि दात मुळापर्यंत खसाखसा घासला.

"घासू नकोस! मुळाला हात लावू नकोस!" उंदीर वरून ओरडत राहिला. पण घाबरलेल्या माणसाला ऐकू कुठे येतं? दूध चुलीशेजारी तसंच राहिलं. पांढराशुभ्र दात पदराच्या गाठीत बांधून ती लेकीला घेऊन धावत सुटली.

वैद्यांनी गाठ सोडली. दात फिरवून पाहिला. मग विचारलं,

"मूळ कोणी घासलं?"

"मीच. स्वच्छ केला हो. चुकलं का काही?"

"मुळावर जिवंत साल असते, बाई. हिरडी तिलाच धरते. ती तू खरवडून काढलीस. उरलीसुरली पदरात सुकली."

"बसवून तर बघा. पाया पडते तुमच्या."

वैद्यांनी दात बसवला, शेजारच्या दातांना रेशमी दोऱ्यानं बांधला. हिरडीनं तो धरलाच नाही. काही दिवसांनी दोरा सोडला तसा दात लेकीच्या ओंजळीत गळून पडला.

पुढे लेक तोंडावर हात धरूनच बोलू लागली. आई म्हणायची, "काढ गं हात, राणी."

लेक म्हणायची, "राहू दे आई. दिसलं की तू रडतेस."

तात्पर्य : काय करायचं हे ठाऊक नसलेली माया, घाईत आपल्याच लेकराचा घात करते.