थंडीबाई दरबारात येते

हिवरगडच्या हैबतराव राजांनी ऐन पौषात धूरपट्टी बसवली! स्वयंपाकाची वेळ सोडून ज्या घरावर धूर दिसेल, त्या घरानं दिवसाला एक रुपया भरायचा. झालं! लोकांनी शेकोट्या विझवल्या, शेगड्या पालथ्या घातल्या आणि दात वाजवत बसले.

ठकू कुंभारणीच्या घरी तर लेक माहेरी आलेली. आठ दिवसांची बाळंतीण आणि बाजेखाली शेगडी नाही! बाळाचे तळवे ओल्या मातीसारखे गार. ठकू उठली ती थेट दरबारात.

तिथं काय थाट! नऊ शेगड्या धगधगताहेत आणि राजे घाम पुसताहेत.

"महाराज, थंडीनं माणसं काकडलीत. पट्टी माफ करा."

"थंडी?" राजांनी इकडंतिकडं पाहिलं. "कुठाय? विसोपंत, तुम्हाला दिसते?"

कारभारी विसोपंत उपरण्यानं वारा घेत होते. "छे छे, सरकार! निव्वळ अफवा!"

"ऐकलंस? उद्या सकाळी तिला इथं माझ्यासमोर उभी कर. 'दिसली' असं माझ्या तोंडून वदवलंस तर पट्टी माफ. नाही तर दुप्पट!"

आता थंडी काय टोपलीत भरून आणायची वस्तू आहे? ही गोष्ट सांगणारा मी पडलो वाणी; आमच्या दुकानात हिंगापासून घोड्याच्या नालापर्यंत सगळं मिळतं, पण हे गिऱ्हाईक आम्हीसुद्धा हात जोडून परत पाठवलं असतं. ठकू मात्र म्हणाली, "आणते की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकाम्या हातांनी हजर.

"कुठाय तुझी थंडी?"

"दाराबाहेर उभी आहे, महाराज. पण थंडीबाई भारी मानी! शेगडी असेल तिथं पाऊल टाकत नाही."

राजे हट्टाला पेटले. "काढा रे शेगड्या बाहेर!"

शेगड्या गेल्या. त्या नेणारे शिपाई काही आत परतले नाहीत!

"आणि दारं-खिडक्या सताड उघडा, जी. पाहुणी ऐसपैस आहे."

उघडल्या.

"आता ती शाल. तिला शालीचं वावडं!"

राजांनी शाल भिरकावली. "बोलाव तिला!"

दरीतला वारा सरळ सिंहासनापर्यंत आला. घटका गेली. राजांच्या मिशा थरथरू लागल्या.

"दिसली का, महाराज?"

"ना-ना-नाही!"

"सरकार, मला दिसली!" विसोपंत किंचाळले. "गुडघ्यांपर्यंत चढलीय!"

"ग-गप्प बसा!"

"आता कमरेपर्यंत आली, सरकार!"

राजांना सटासट सात शिंका आल्या. आठव्या शिंकेबरोबर ते सिंहासनावरून उठलेच. "दिसली! दिसली गं बाई! नाकात शिरली, हाडांत बसली! घालव तिला!"

"घालवते, पण कुठं घालवू?" ठकूनं हात जोडले. "आमच्या आळीत धाडलीत, तर उद्या आम्ही तिला परत इथंच आणून सोडणार. वाट आता तिच्या पायाखालची झालीय!"

"मग करू काय?"

"गावात घरोघरी शेगडी पेटू द्या, महाराज. तिला टेकायला जागाच उरली नाही, की बिचारी डोंगर उतरून जाईल तुमच्या शेजारच्या फत्तेपूरच्या राजांकडे!"

 राजे असे खदखदून हसले, की हसताहेत की कुडकुडताहेत ते कुणालाच कळेना!

"पट्टी बंद! ज्या घरावर धूर दिसणार नाही, तिथं आमच्या रानातली लाकडाची मोळी पोचवा! ठकू, तुला जरीकाठी लुगडं आणि दोनशे शेगड्यांची मागणी, पैसे आगाऊ! आणि विसोपंत, फत्तेपूरकरांना खलिता धाडा: पाहुणी निघालीय, दारं उघडी ठेवा!"