तारूला कोणतं पुस्तक द्यावं?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. समुद्राकाठी एक नगर होतं आणि त्या नगरात एक मोठं ग्रंथघर होतं. नगरातल्या लोकांना त्याचा भारी अभिमान. जे कधी आत पाऊल टाकत नसत, त्यांना तर अंमळ जास्तच.

नगराचा एक रिवाज होता. मुलाला दहावं वर्ष लागलं, की ग्रंथपाल त्याच्यासाठी एक पुस्तक निवडून द्यायचा. मूल ते वाचायचं आणि वसंतातल्या पौर्णिमेला, सकाळच्या प्रहरी, चावडीवर सगळ्यांसमोर त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकच पान. जास्त नाही आणि कमीही नाही.

याच नगरात गलबतं बांधणाऱ्यांची आळी होती. त्यांचे पणजोबा एका दूरच्या बेटावरून आले होते. राजानंच त्यांना बोलावून आणलं होतं. त्यानंतरच्या चार पिढ्या इथेच जन्मल्या. पण रंग काळाभोर आणि केस बारीक कुरळे, म्हणून लोक अजूनही त्यांना 'बेटवाले' म्हणत आणि विचारत, "तुम्ही परत कधी जाणार?" आता घरातल्या माणसानं घर सोडून परत कुठे जायचं, हे तुम्हीच सांगा!

त्या आळीत तारू नावाची मुलगी राहायची. मोठी बडबडी. पण दहावं वर्ष लागलं आणि ती हळूहळू गप्प होत गेली. शाळेत मुलं म्हणायची, "हिला शिवू नका रे, हात काळे होतील!" त्यात नगरशेठचा मुलगा सगळ्यांच्या पुढे. शिकवणारे गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एके दिवशी बापानं पाहिलं, तर तारू विहिरीवर बसून राखेनं तोंड घासत होती. गाल सोलवटले होते.

"बा, मी उद्यापासून शाळेत जायची नाही," ती म्हणाली.

हातातलं काम तसंच टाकून बाप ग्रंथपालाकडे गेला. "पंत, पोर कोमेजली हो माझी. तिला चांगलंसं पुस्तक द्या. ती शाळा सोडायची म्हणते."

पंत भला माणूस. त्यांनी आपलं सर्वांत आवडतं पुस्तक काढलं. शूर राजपुत्राची कथा, सोनेरी अक्षरांत लिहिलेली. तारूनं ते दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

"का गं, आवडलं नाही?"

"यात माझ्यासारखं दिसणारं एकच आहे," तारू म्हणाली. "तो राक्षस. त्याला शेवटी मारतात आणि सगळे टाळ्या वाजवतात."

पंत चपापले. ते पुस्तक त्यांनी चाळीस वेळा वाचलं होतं. राक्षस काळा आणि कुरळ्या केसांचा आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

मग त्यांनी रात्रंदिवस शोधून दुसरं पुस्तक काढलं. बेटवाल्यांना लोकांनी कसं छळलं, कसं हिणवलं, त्याची ती हकिगत होती. देताना पंतांचे स्वतःचेच डोळे भरून आले. तारूनं ते आठ दिवसांत परत आणलं.

"हे खरं आहे पंत. आजोबा सांगायचे," ती म्हणाली. "मोठी झाले की मी हे पुन्हा वाचीन. पण शाळेत दिवसभर जे सोसायचं, तेच घरी येऊन वाचायचं का?"

पंत खाली बसले. मग तीस वर्षांत कुठल्याही मुलाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "मग बाळ, तुला काय वाचायचंय?"

तारू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "माझ्यासारखीच मुलगी असावी. पण तिनं लबाड्या कराव्यात, मार खावा, हसावं. तिला कुणी वाचवायला नको आणि तिनं राजाला वाचवायलाही नको."

पंतांना एक कपाट आठवलं. ग्रंथघराच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. त्यावर त्यांनीच पाटी लावली होती : 'बेटवाल्यांसाठी'. ते कपाट आहे हे बेटवाल्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. तिथली धूळ झटकता झटकता त्यांना बेटावरच्याच कुणा बाईनं लिहिलेलं पुस्तक सापडलं. पहिल्या पानावर ते गालात हसले, तिसऱ्या पानावर त्यांना ठसका लागला.

तारूनं मात्र ते परत आणलंच नाही. आळीतले लोक सांगत, पोर एकटीच खिदळते.

पौर्णिमा आली. तारू चावडीवर उभी राहिली. समोर शाळेतली सगळी मुलं, नगरशेठचा मुलगा पुढच्याच रांगेत. तिनं वाचायला सुरुवात केली.

पानावर गोष्ट होती एका मुलीची. आई तिला वाळत घातलेल्या माशांची राखण करायला बसवते. मुलीचा डोळा लागतो आणि मांजर मासे फस्त करतं. घाबरून मुलगी सांगते, "आई, समुद्र आला आणि घेऊन गेला!" आई म्हणते, "त्याची ही हिंमत?" आणि केरसुणी घेऊन समुद्राशी भांडायला निघते. तिच्यामागे सगळ्या गावातल्या बाया, सगळ्यांच्या हातात केरसुण्या. काठावर उभ्या राहून त्या समुद्राला अशा शिव्या घालतात, की चावडीवर आधी बायका हसल्या, मग म्हातारे, मग पोरं. नगरशेठचा मुलगा तर पोट धरून लोळला. "आणि तेवढ्यात," तारू वाचत होती, "ढेरी सुटलेलं मांजर मिश्या चाटत सगळ्यांमधून डुलत आलं..."

पान संपलं. रिवाज म्हणजे रिवाज.

नगरशेठचा मुलगा धावत पंतांकडे गेला. "मला ते पुस्तक हवंय!"

"अरे बाळा," पंत म्हणाले, "ते बेटवाल्या मुलांसाठीचं आहे. तुझ्यासाठी मी दुसरं—"

तारूचा बाप शेजारीच उभा होता. शांत माणूस, पण आज त्याला राहवलं नाही. "वा पंत! ताप यांच्या घरात, आणि काढा फक्त माझ्या पोरीला?"

त्याच दिवशी पंतांनी ती पाटी उखडली आणि जिन्याखालची पुस्तकं दर्शनी फळ्यांवर मांडली. पुढच्या वर्षापासून ती सगळ्याच मुलांच्या हाती पडू लागली. काही आईबापांनी कुरकुर केली, काही दोन दिवस रुसले. पण मुलं वाचतच राहिली, आणि 'परत कधी जाणार' हा प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडं एकेक करून मिटत गेली. सगळी नाही मिटली, हेही खरं.

पण हे नंतरचं. त्या सकाळी नगरशेठचा मुलगा चावडीच्या पायऱ्यांवर तारूसमोर येऊन उभा राहिला.

"ए, मांजराचं पुढे काय झालं?"

"मला नाव आहे," तारू म्हणाली.

मुलाची मान खाली गेली. कान लाल झाले. वर्षभर एका वर्गात बसून त्यानं ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. "तारू," तो पुटपुटला, "तुला मी जे बोलायचो ते वाईट होतं. सांग ना, मांजराचं पुढे काय झालं?"

तारूनं पुस्तक मिटून काखेत धरलं.

"उद्या शाळेत सांगते," ती म्हणाली.

पायरीवर उभ्या असलेल्या तिच्या बापानं चटकन तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे टिपले.

तात्पर्य : ज्याला टोचलं त्याला हसू देणारं पुस्तक द्यावं, आणि ज्यानं टोचलं त्याच्याही हाती तेच ठेवावं.