भिंतीत राहिलेली आईची जागा

जर्मनीच्या डोंगराळ मुलखात राउटेनफेल्स नावाचे गाव आहे. गावामागच्या टेकडीच्या मध्यावर एक जुनी दगडी भिंत आडवी गेली आहे. ती पूर्वेकडून सरळ येते, विहिरीच्या काठाशी थांबते आणि थोडी जागा सोडून पुढे पुन्हा सुरू होते. मधली जागा एवढीच, की एखादी बाई तिवईवर बसावी आणि शेजारी तिची बादली मावावी. तेथे एक दगडी तिवई आहे. गावच्या चर्चची देखभाल करणारे वृद्ध वेंडेलिनबाबा आल्यागेल्याला आधी तिच्यासमोर उभे करतात, डोक्यावरची टोपी काढतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी येथे एबरविन नावाचा राजा होता. त्या काळी बापामागे राज्य एकट्या थोरल्याकडे जात नसे, मुलांत वाटले जाई. रीत अशी, की थोरल्याने रेषा ओढावी आणि धाकट्याने आधी निवडावे, म्हणजे रेषा ओढणारा हात न्यायाने चालतो. आणखीही एक रीत होती. विधवा राणीने उरलेल्या आयुष्यासाठी आपली जागा मागावी. ती मागेल ती जागा कोणाच्याही वाट्यात धरली जात नसे.

एबरविनने तारुण्यात याच वाटणीपायी सख्ख्या भावाशी युद्ध केले होते. शत्रूचे पाणी तोडावे म्हणून त्याने या विहिरीत मेलेली घोडी टाकवली. गावात रोग पसरला, घरोघरी माणसे गेली आणि त्याचा भाऊही त्यातच गेला. एबरविन जिंकला. पण त्यानंतर त्याला कोणी हसताना पाहिले नाही, असे सांगतात. विहीर त्याने स्वतः खाली उतरून उपसली. पुढे रोज पहाटे तो तिच्या काठी गुडघे टेकून प्रभूला शरण जाई. राज्य मागून झाले होते, आता क्षमा मागे.

अंतकाळी त्याने राणी मेख्टिल्डला जवळ बोलावले.

“जमीन वाटली जाईल, ती वाटू दे. पाणी वाटू देऊ नकोस.”

“नाही देणार,” राणी म्हणाली. तेवढ्याच शब्दांत तिने आपला उरलेला जन्म बांधून घेतला.

राजाचे दिवस झाले आणि थोरला गेरलाख रेषा ओढायला बसला. तो हिशेबी होता. धाकट्या डीटरचा स्वभाव त्याला तळहातासारखा ठाऊक होता. वरच्या अर्ध्यात त्याने किल्ला, शिकारीचे रान आणि लाकूडतोड्यांची वस्ती घातली. खालच्या अर्ध्यात बाजारपेठ आणि द्राक्षमळे; आणि रेषा विहिरीच्या वरच्या काठाला चाटून नेली, म्हणजे विहीरही खालीच राहिली. साऱ्या टेकडीवर बारमाही पाणी त्या एकाच विहिरीला. डीटरचा जीव शिकारीत. त्याने वरचा भाग क्षणात निवडला आणि दादाने आपल्याला मोठा वाटा दिला म्हणून त्याचा हातही हातात घेतला.

राणीला दोघांनी जागा विचारली. गेरलाखने मळ्यातला उन्हाळी वाडा देऊ केला, डीटरने किल्ल्याचा दक्षिण बुरूज. ती म्हणाली, “भिंत पुरी होऊ द्या, मग सांगते.”

भिंत दोन्ही बाजूंनी वाढत आली. वरच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन विहिरीवर आल्या, तेव्हा गेरलाखच्या पहारेकऱ्यांनी त्यांना परतवून लावले. मग डीटरला रेषा उमगली. विहीर तलवारीने घेईन, अशी शपथ त्याने भर दरबारात घेतली, आणि खाली गेरलाखनेही माणसे जमवली. बापाची गोष्ट मुलांत पुन्हा सुरू होणार, हे म्हाताऱ्यांना दिसू लागले.

भिंतीची दोन टोके विहिरीशी भिडायची उरली, त्या सकाळी मेख्टिल्ड किल्ल्यातून पायी उतरली. हातात गाई दोहण्याची तिवई होती. ती तिने नेमकी रेषेवर ठेवली आणि बसली.

“माझी जागा ही,” ती म्हणाली.

गेरलाख धावत आला. “आईसाहेब, इथं छप्परसुद्धा नाही.”

“मी जागा मागितली. छप्पर नाही मागितलं.”

त्याने मुख्य गवंड्याला काम चालू ठेवायला सांगितले. गवंड्याने थापी खाली ठेवली. “महाराज, दगड बसवणं माझं काम. राजमातेला उठवणं त्यात येत नाही.”

हिवाळा तिला उठवील, असे दोघा भावांना वाटले. बर्फ पडला, विहिरीचा दोर काठीसारखा ताठ झाला, पण राणी उठली नाही. गवंड्यांनी आपल्या मनाने डोक्यावर चार फळ्या उभारून दिल्या, एवढाच तिचा राजवाडा. येईल त्या हाताला ती पाणी काढून देई, मग तो वरचा असो की खालचा, आणि दोर ओढताना ओठांत नाम असे. डीटरने नोकराहाती लोकरीची कांबळी धाडली, गेरलाखने सरपण. तिने दोन्ही परत पाठवले. निरोप एकच, की ज्याला द्यायचे आहे त्याने स्वतः आणावे.

शेवटी एका सकाळी वरून डीटर कांबळे घेऊन उतरला आणि खालून गेरलाख मोळी घेऊन चढला. आईच्या तळहातांना दोराने चिरा पडल्या होत्या; दोरावर रक्त गोठले होते. दोघेही तिवईच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले.

“ओझी खाली ठेवा आणि दोर धरा,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं आज ओढवत नाही.”

दोघांनी एकच दोर धरला. बादली वर आली. मग गेरलाख म्हणाला, “मी रेषा जमीन पाहून नाही ओढली. तुझा स्वभाव पाहून ओढली.”

“आणि मी निवडलं ते रान पाहून,” डीटर म्हणाला. “माझ्या माणसांना पाणी कुठलं, हे मलाही नाही सुचलं, दादा.”

गेरलाखने पहिली ओंजळ धाकट्याला दिली. डीटरने ती आईच्या तोंडाशी नेली.

विहीर कोणाच्याच वाट्यात गेली नाही. मेख्टिल्ड पुढे कितीतरी वर्षे तेथेच राहिली, आणि चंदनासारखा देह झिजवून तेथेच प्रभुचरणी लीन झाली, असे सांगतात. लाकडी तिवई कुजली, तेव्हा तिच्या मुलांनी दगडाची बसवली.

आजही राउटेनफेल्समध्ये कोणाच्या घरी वाटणी निघाली, की भावंडे आधी आईला येथे आणून तिवईवर बसवतात. सगळी मिळून एका दोराने पाणी काढतात, पहिली ओंजळ तिला देतात आणि तुला काय हवे, म्हणून विचारतात. ती बोलेपर्यंत रेषा ओढली जात नाही. आई नसेल तर रिकाम्या तिवईसमोर काही वेळ उभी राहतात.

पाहुण्यांतले कोणीतरी हमखास विचारते, की आई बोललीच नाही तर?

“मग थांबायचं,” वेंडेलिनबाबा टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणतात. “ती नव्हती का थांबली?”